सटन हू : मातीत उमटलेले जहाज

विहीर खणताना, शेत नांगरताना किंवा रस्त्यासाठी मुरूम काढताना जुनी भांडी, नाणी, क्वचित मानवी अस्थी सापडल्याची वार्ता आपल्या राज्यात अधूनमधून ऐकू येते. अशा वेळी पहिली विचारणा होते ती वस्तूच्या किमतीची. ती वस्तू नेमकी कोठे, किती खोलीवर, कशाच्या शेजारी आणि कोणत्या स्थितीत होती, हा प्रश्न मागाहून निघतो. तोवर त्याचे उत्तर देणारी माती बहुधा उपसली गेलेली असते. या दुसऱ्या प्रश्नाचे मोल किती मोठे असते, हे ज्या उत्खननाने जगाला दाखवून दिले, त्याची हकिकत प्रस्तुत लेखात दिली आहे. हे उत्खनन इंग्लंडमधील सटन हू येथील पूर्वमध्ययुगीन दफनक्षेत्राचे होय.

स्थळ आणि काळ

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक परगण्यात डेबेन नावाची नदी समुद्राला मिळते. या नदीच्या पूर्व तीरावर, वुडब्रिज या गावासमोर, पाण्याच्या पातळीपासून सुमारे तीस मीटर उंचीवर एक रेताड माळ आहे. त्या माळावर मातीची सुमारे अठरा टेकाडे आहेत. ती नैसर्गिक नसून मृतांच्या दफनस्थानांवर माणसांनी रचलेली आहेत, एवढे स्थानिक लोकांना ठाऊक होते. मात्र ती कोणाची आणि कोणत्या काळातील, हे कोणी सांगू शकत नव्हते.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोमन सत्ता संपली. त्यानंतर समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी तेथे लहानमोठी राज्ये स्थापिली. या काळातील लेखी साधने अत्यल्प आहेत. त्यामुळे पुष्कळ वर्षे या शतकांचा उल्लेख ‘अंधारयुग’ असा केला जाई आणि त्या काळचे लोक कलाकौशल्याने दरिद्री व जगापासून तुटलेले होते, असा समज रूढ होता. हा समज सटन हूच्या एका टेकाडाने बदलून टाकला.

जमीनमालकीण आणि उत्खनक

ही जमीन श्रीमती एडिथ प्रेटी यांच्या मालकीची होती. १९३४ मध्ये त्यांच्या पतीचे निधन झाले. आपल्या घराजवळच्या टेकाडांत काय असावे, याविषयी त्यांना कुतूहल होते. त्यांनी मजूर लावून टेकाडे उपसली असती, तर त्यांना अडविणारे कोणी नव्हते. परंतु तसे न करता १९३७ मध्ये त्यांनी जवळच्या इप्सविच येथील वस्तुसंग्रहालयाकडे विचारणा केली. संग्रहालयाने बेसिल ब्राउन या उत्खनकाचे नाव सुचविले.

ब्राउन यांचा जन्म १८८८ चा. बाराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि ते शेतीच्या कामास लागले. उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने भाषांचा, खगोलशास्त्राचा व पुरातत्त्वाचा अभ्यास केला. त्यांच्याकडे पदवी नव्हती, परंतु सफोकची माती ओळखणारी नजर होती. आठवड्याला तीस शिलिंग मजुरीवर ते सटन हूच्या कामावर रुजू झाले. मदतीला मालकिणीच्या मळ्यावरीलच नोकरमाणसे होती.

१९३८ मध्ये तीन टेकाडे उघडण्यात आली. तिन्ही पूर्वीच लुटली गेलेली होती. एका टेकाडात मात्र जहाजाच्या फळ्या जोडण्यासाठी वापरतात तसे लोखंडी रिव्हेट विखुरलेले सापडले. चोरांनी माती उलटीपालटी केल्यामुळे त्या जहाजाचा आकार हाती लागण्याची आशा उरली नव्हती. तरीही ब्राउन यांनी ते रिव्हेट काळजीपूर्वक जमा केले. त्याच परिसरातील स्नेप या ठिकाणी १८६२ मध्ये एका जहाजाचे दफन आढळले होते. तेथील रिव्हेटांशी त्यांनी आपल्याकडील रिव्हेट ताडून पाहिले. हा अभ्यास पुढच्याच वर्षी उपयोगी पडला.

मातीत उमटलेले जहाज

मे १९३९ मध्ये सर्वांत मोठे टेकाड उघडण्यास आरंभ झाला. थोड्याच दिवसांत मदतनिसांपैकी एका माळ्याला लोखंडाचा एक गंजलेला तुकडा मिळाला. तो पाहताच ब्राउन यांनी फावडी थांबविली. नंतर थापी, कुंचला व हात यांनी माती सारता सारता तसेच आणखी तुकडे ठरावीक अंतरावर, एका ओळीत दिसू लागले. ते जहाजाचे रिव्हेट होते आणि सर्व आपापल्या मूळ जागी होते.

येथे मातीचा गुणधर्म समजून घेणे आवश्यक आहे. सटन हूची रेती आम्लधर्मी आहे. अशा रेतीत लाकूड, कापड, मांस आणि हाडे शतकानुशतकांच्या ओघात विरघळून नाहीशी होतात. परंतु लाकूड कुजताना त्याच्या जागी रंगाने वेगळा व किंचित कठीण असा रेतीचा थर तयार होतो. जहाजाची एकही फळी शिल्लक नव्हती. तरी प्रत्येक फळीचा ठसा रेतीवर उमटलेला होता आणि त्या ठशात लोखंडी रिव्हेट जेथल्या तेथे रुतलेले होते. जहाज नव्हते, पण त्याची प्रतिमा होती. ती हाताच्या एका झटक्याने पुसली गेली असती.

ब्राउन यांनी जहाजाच्या आतील बाजूने माती काढीत जाण्याची रीत अवलंबिली. रिव्हेटाचा तांबूस डाग दिसू लागताच खणणे थांबवायचे, रिव्हेट जागेवरून हलवायचा नाही आणि त्याच्यावर पातळसा मातीचा थर राहू द्यायचा, हा त्यांचा नियम होता. अशा रीतीने सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा संपूर्ण आकार हळूहळू प्रकट झाला. नदीतून हे जहाज ओढीत माळावर आणून, खोदलेल्या चरात ठेवून, त्यावर टेकाड रचण्यात आले होते.

हे टेकाडही चोरांच्या दृष्टीतून सुटलेले नव्हते. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास कोणीतरी त्यात खोल खड्डा घेतला होता. त्या खड्ड्यात विस्तवाच्या खुणा व एका सुरईचा तुकडा सापडला. परंतु पूर्वी केव्हातरी शेताच्या बांधाचा चर खणताना टेकाडाची एक बाजू कापली गेली होती. त्यामुळे चोरांनी मध्य समजून जेथे खणले, तो खरा मध्य नव्हताच. दफनकक्ष त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर सुरक्षित राहिला.

दफनकक्षातील वस्तू

शोधाचे महत्त्व लक्षात आल्यावर जुलै महिन्यात केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे कामाची सूत्रे देण्यात आली व अनुभवी पुरातत्त्वज्ञांचे एक लहान पथक जमा झाले. २१ जुलै रोजी पेगी पिगट या तरुण संशोधिकेला सोन्याची पहिली वस्तू मिळाली. पुढील काही दिवसांत जहाजाच्या मध्यभागी असलेल्या कक्षातून एकामागून एक वस्तू निघत गेल्या. अंतिम गणतीत त्यांची संख्या २६३ भरली.

त्यांत लोखंडी शिरस्त्राण, तलवार, ढाल, भाले, साखळीचे चिलखत, वाद्य, मद्यपानाची शिंगे, कढया आणि चांदीची भांडी होती. कमरपट्ट्याचे सोन्याचे बक्कल ४१२ ग्रॅमहून अधिक वजनाचे असून त्यावर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांची अतिशय बारीक नक्षी आहे. खांद्यावरील सोन्याच्या फासण्यांत व थैलीच्या झाकणावर गार्नेट या तांबड्या रत्नाचे पातळ काप बसविलेले आहेत. चांदीच्या एका मोठ्या तबकावर बायझंटाइन सम्राट पहिला अॅनास्टेशियस याच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ. स. ४९१ ते ५१८ या काळातील शिक्के आहेत. शिरस्त्राणाचे स्वीडनमधील व्हेंडेल व वाल्सगार्डे येथील शिरस्त्राणांशी साम्य आहे. त्या काळच्या युरोपीय अलंकारांतील कित्येक गार्नेट भारत व श्रीलंका या देशांतून गेले असल्याचे शास्त्रीय परीक्षणांतून दिसून आले आहे. ज्या लोकांना जगापासून तुटलेले मानले जात होते, त्यांचे संबंध कोठवर पोहोचले होते, हे या वस्तूंनी सिद्ध केले.

ग्रामसभागृहातील चौकशी

आता एक कायदेशीर प्रश्न उपस्थित झाला. त्या वेळच्या इंग्लंडमधील नियमानुसार, पुन्हा काढून घेण्याच्या हेतूने लपविलेले सोने-चांदी राजसत्तेचे ठरत असे. परत घेण्याचा हेतू नसल्यास ते जमीनमालकाचे होई. या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी १४ ऑगस्ट १९३९ रोजी सटन गावच्या सभागृहात कॉरोनर व ज्यूरी यांच्यापुढे चौकशी झाली. एवढे मोठे जहाज नदीवरून माळावर ओढून आणणे व त्यावर टेकाड रचणे हे गुपचूप होणारे काम नव्हे. ते साऱ्या लोकांदेखत झालेले दफन होते आणि मृताबरोबर दिलेल्या वस्तू परत घेण्याचा विचार त्यात असणे शक्य नव्हते. ज्यूरीने ही गोष्ट मान्य केली आणि संपूर्ण ठेवा श्रीमती प्रेटी यांच्या मालकीचा ठरला.

श्रीमती प्रेटी यांनी लवकरच तो सर्व ठेवा ब्रिटिश म्युझियमला, म्हणजेच राष्ट्राला, विनामूल्य देऊन टाकला. ठेवा विकला असता तर त्याचे तुकडे होऊन तो अनेक हातांत विखुरला असता. त्यांच्या या निर्णयामुळे एका दफनातील सर्व वस्तू आजही एकत्र आहेत.

दोन शिक्षिकांचे काम

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले. उत्खननाला जेमतेम पुरेसा अवधी मिळाला होता. वस्तू लंडनमधील भुयारी रेल्वेच्या बोगद्यात सुरक्षित ठेवण्यात आल्या. जहाजाचा चर झाडपाल्याने झाकण्यात आला. युद्धकाळात तो माळ लष्करी सरावासाठी वापरला गेला आणि उघड्या ठशाची हानी झाली.

अशा परिस्थितीत ऑगस्ट महिन्यात झालेले एक काम अनमोल ठरले. मर्सी लॅक व बार्बरा वॅगस्टाफ या दोन शाळाशिक्षिका सुटीत तेथे आल्या होत्या. दोघींना छायाचित्रणाचा छंद होता. परवानगी घेऊन त्यांनी जहाजाच्या ठशाची चारशेहून अधिक छायाचित्रे घेतली. पुढे संशोधकांना जहाजाच्या बांधणीचा अभ्यास करताना या छायाचित्रांचा मोठा आधार मिळाला. आपल्या शाळांतील शिक्षकांनी या उदाहरणाची अवश्य नोंद घ्यावी. वस्तूला हात न लावताही इतिहासाची सेवा करता येते, ती अशी.

काळ कसा ठरला

या दफनाचा काळ निश्चित करण्यास थैलीतील ३७ सोन्याची नाणी उपयोगी पडली. ही नाणी आजच्या फ्रान्सच्या आसपासच्या फ्रँक लोकांच्या राज्यातील असून प्रत्येक नाणे वेगळ्या टांकसाळीचे आहे. त्यांच्यासोबत तीन कोऱ्या चकत्या व सोन्याच्या दोन लहान लगडी होत्या. आरंभी नाणेतज्ज्ञांनी हा संच सातव्या शतकाच्या मध्यानंतरचा मानला. परंतु फ्रँक नाण्यांतील सोन्याचा कस काळानुसार उतरत गेला होता. नाण्यांचा कस तपासून पाहिल्यावर हा संच इ. स. ६२५ च्या सुमाराचा असावा, असे दिसून आले.

ईस्ट अँग्लिया या राज्याचा सामर्थ्यशाली राजा रेडवाल्ड याचा मृत्यू याच सुमारास झाला. त्याने एकाच मंदिरात ख्रिस्ताची व जुन्या देवांची अशा दोन्ही वेदी ठेवल्या होत्या, असे आठव्या शतकातील इतिहासकार बीड याने नमूद केले आहे. दफनात पूर्वापार पद्धतीचे जहाज व शस्त्रे असून त्यांच्याबरोबर ‘पॉल’ हे नाव ग्रीक अक्षरांत कोरलेला चांदीचा चमचाही आहे. या सर्वांवरून हे दफन रेडवाल्डचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मृताचे नाव कोठेही लिहिलेले नसल्यामुळे हे अनुमानच होय. परंतु नाणी थैलीत, थैली मृताच्या कमरेच्या जागी आणि सर्व काही जहाजाच्या कक्षात, ही साखळी अखंड राहिली म्हणूनच हे अनुमान शक्य झाले. तीच ३७ नाणी एखाद्या सराफाच्या दुकानात सापडली असती, तर त्यांनी राजाची वा जहाजाची काहीच वार्ता दिली नसती.

पुढील उत्खनने

कक्षात मृतदेह आढळला नव्हता. त्यामुळे ही केवळ स्मारकरूप रिकामी समाधी असावी, असेही मत पुढे आले. ब्रिटिश म्युझियमने रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड यांच्या नेतृत्वाखाली १९६५ ते १९७१ या काळात येथे पुन्हा काम केले. तेव्हा रेतीच्या रासायनिक परीक्षणात, देह असावा त्या जागी फॉस्फेटचे प्रमाण अधिक आढळले. देह होता व तो आम्लधर्मी रेतीत विरून गेला, हे मत त्यामुळे बळकट झाले. याच काळात शिरस्त्राणाची जुनी जुळणी सदोष असल्याचे ध्यानात आले. तिचे शेकडो तुकडे सुटे करून नायजेल विल्यम्स यांनी १९७०-७१ मध्ये ते नव्याने जुळविले. जुनी चूक सुधारता आली, कारण प्रत्येक तुकडा जपून ठेवलेला होता.

१९८३ पासून सुमारे दहा वर्षे मार्टिन कार्व्हर यांनी आधुनिक पद्धतीने तिसरे उत्खनन केले. १९९१ मध्ये एका टेकाडाखाली एक तरुण योद्धा व शेजारच्या खड्ड्यात त्याचा घोडा आढळला. याखेरीज माळावर ३९ साध्या कबरी उजेडात आल्या. त्यांत हाडे जवळजवळ नव्हतीच. देहांच्या जागी गडद व कठीण रेतीचे मानवी आकार तेवढे उरले होते. काहींचे हात बांधलेले, काहींची शिरे तोडलेली दिसत होती. आठव्या ते अकराव्या शतकांत याच माळावर अपराध्यांना देहदंड दिला जात असावा, असा निष्कर्ष निघाला. राजांच्या विश्रांतिस्थानाचे पुढे वधस्थान झाले होते. सोन्याच्या मागे लागलेल्या माणसाला या रेतीच्या आकृत्या दिसल्याच नसत्या, आणि दिसल्या तरी त्याने त्यांवरून फावडे फिरविले असते. या दंडितांचे नाव इतिहासात नाही. त्यांचा एवढाच पुरावा होता आणि तो सावकाश खणणाऱ्यांमुळे वाचला.

या क्षेत्राचा काही भाग हेतुपुरस्सर न खणता ठेवण्यात आला आहे. उद्याच्या अभ्यासकांजवळ आजच्यापेक्षा अधिक चांगली साधने असतील, हा त्यामागील विचार आहे. उत्खनन ही एकदाच करता येणारी क्रिया आहे.

दायमाबादचा अनुभव

आपल्या राज्यातील एक उदाहरण या संदर्भात चिंतनीय आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथे एका ग्रामस्थाला झुडपाचे मूळ खणून काढताना ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ व सारथी, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या वस्तूंचे एकूण वजन साठ किलोहून अधिक आहे. त्या वितळविल्या गेल्या नाहीत आणि शासनाच्या ताब्यात आल्या, ही मोठी भाग्याची गोष्ट होय. मात्र त्या अभ्यासकांच्या देखत निघाल्या नाहीत. त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणती खापरे होती, याची नोंद होऊ शकली नाही. नंतर १९७५ ते १९७९ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने एस. ए. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. तरीही या चार वस्तूंच्या काळाविषयी वाद राहिला. काही संशोधक त्यांना उत्तर हडप्पा काळातील मानतात, तर काहींनी धातूच्या घटकांवरून त्याविषयी शंका घेतली आहे. वस्तू वाचल्या, पण त्यांच्याभोवतीच्या मातीची साक्ष गेली.

आपली कर्तव्ये

भारतात १८७८ चा भूमिगत धनविषयक कायदा आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. वस्तूचे स्वरूप, सापडल्याची जागा व तारीख त्यात नमूद करावी लागते. हा कायदा सापडणाऱ्याच्या विरुद्ध आहे, हा ग्रामीण भागातील समज बरोबर नाही. धन बेवारस ठरल्यास आणि दोघांत वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन-चतुर्थांश व जागेच्या मालकाला एक-चतुर्थांश वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे. शासनाने ते संपादन केल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम द्यावी लागते. उलट, माहिती दडविणाऱ्याचा वाटा जप्त होतो व त्यास कारावासाची शिक्षा होऊ शकते. ही माहिती ग्रामसभेत सांगितली गेली, तर भीतीपोटी आटविल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू वाचतील.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी, तलाठ्यांनी व ग्रामसेवकांनी अशा प्रसंगी पुढील गोष्टी कराव्यात. काम तत्काळ थांबवावे. वस्तू जागेवर असल्यास हलवू नये, धुऊ वा घासू नये. जागेवर पहारा ठेवावा. शाळेतील शिक्षकांच्या साहाय्याने, शेजारी मोजपट्टी किंवा काठी ठेवून, छायाचित्रे घ्यावीत व पंचनाम्यात खोली, दिशा आणि जवळच्या खुणांची नोंद करावी. मानवी अस्थी आढळल्यास पोलीस पाटलांमार्फत पोलीस ठाण्याला कळवावे. तहसीलदार व पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांना विनाविलंब सूचना द्यावी. खापराचा तुकडा, राखेचा थर किंवा मातीच्या रंगातील फरक यांनाही सोन्याइतकेच जपावे.

सटन हूच्या यशात राजदरबारचा हात नव्हता. विचारल्याशिवाय खणायचे नाही असे ठरविणारी एक जमीनमालकीण, गंजलेला तुकडा पाहून फावडे थांबविणारा एक अल्पशिक्षित उत्खनक, सुटीतील वेळ देणाऱ्या दोन शिक्षिका आणि गावच्या सभागृहात बसून निर्णय देणारे काही ग्रामस्थ, एवढ्या साध्या माणसांच्या संयमामुळे एका विस्मृत शतकाला वाचा फुटली. अशी माणसे आपल्याही गावोगावी आहेत. वेळ येईल तेव्हा काय करावयाचे, हे त्यांना आधीच ठाऊक असले पाहिजे.